आमच्या वाइनरीचं बारसं, कागदोपत्री

वाइनरी काढायची म्हटलं की सगळे टाक्या, यंत्रं, बँक आणि परवाने यांच्या मागे लागतात. नाव काय, ठरेल सावकाश, लेबल छापायच्या वेळी बघू, असंच घरोघरी बोललं जातं. पण कंपनी नोंदवायच्या अर्जातला पहिलाच टप्पा नावाचा असतो. बँकेत तेच, राज्य उत्पादन शुल्काच्या फाइलवर तेच, अन्न परवान्यातही तेच. नावावाचून फाइल हलत नाही. गेल्या वर्षभरात दोन-तीन द्राक्ष बागायतदारांनी मला फोन करून याबद्दल विचारलं, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

माझं माहेर जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पुढं. शेती दादा-वहिनी बघतात. मी पुण्यात कर्वेनगरला राहते आणि लोकांचे हिशेब, रिटर्न्स भरून देते, त्यामुळे हे सगळे कागद आपसूक माझ्या गळ्यात पडले. आमच्याकडं जंबो आणि शरद सीडलेस ही खायची द्राक्षं पूर्वीपासून. शिराझ आणि शेनिन ब्लांक मागाहून लावली, ती करारानं दुसऱ्या वाइनरीला जायची. २०२१ च्या दिवाळीत दादा म्हणाला, "आता आपलीच करू." आबा गप्प बसले, म्हणजे होकार. तसं आमच्या भागाला वाइनचं अप्रूप नाही. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी नारायणगावातच इंडेजची वाइनरी उभी केली आणि तिथली स्पार्कलिंग वाइन 'ओमर खय्याम' नावानं परदेशात विकली गेली. कवी इराणचा, पद्धत फ्रेंच आणि माती आमची. तेव्हा नावाला कशाचंही बंधन नसतं अशीच आमची समजूत होती.

संक्रांतीला, म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये, सगळे गावी जमलो आणि यादी सुरू झाली. दादानं अभ्यास केला होता. सुला हे नाव राजीव सामंतांनी आईच्या, सुलभाच्या नावावरून घेतलं. नाशिकचीच यॉर्क तीन भावंडांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून झाली. अकलूजची फ्रॅटेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. आम्हीही भावंडांची अक्षरं जुळवून पाहिली, तर दरवेळी एखाद्या कीटकनाशकाचं नाव तयार व्हायचं. मग दादा आईकडं वळला. सुला आईच्या नावावर चालते, तर आपली का नाही?

आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हणजे गडी दुकानात जाऊन माझं नाव घेऊन बाटली मागणार? थंड आहे का विचारणार? गळ्यात माळ आहे रे माझ्या." विषय तिथंच संपला. आत्यानं आणखी एक अट घातली, देवाचं नाव नको. ओझरचा विघ्नहर आणि लेण्याद्री दोन्ही हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ही अट कुणाला मोडवणारच नव्हती. कायदाही तिच्या बाजूचा निघाला. धार्मिक भावना दुखावतील अशी चिन्हं ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाहीत, ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ मध्येच तसं आहे. आडनाव द्यावं, तर ते अर्ध्या गावाचं.

आबांच्या मनात किल्ला होता. जीवधन. नाणेघाटाच्या तोंडावरचा. नाव खरोखर सुंदर आहे, मलाही आवडलं होतं. पण त्याच महिन्यात मंत्रिमंडळानं मराठी पाट्यांचा निर्णय घेतला आणि त्यातच मद्य विकणाऱ्या किंवा देणाऱ्या आस्थापनांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं देता येणार नाहीत असंही ठरलं. तो निर्णय दुकानांच्या पाट्यांबद्दलचा, वाइनरीबद्दलचा नव्हे, असा वाद घालता आला असता. आमचे परवान्याचे सल्लागार म्हणाले, "वाद घालायचा असेल तर दुसऱ्या गोष्टीवर घाला." शिवाय २७ जानेवारीला सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला आणि टीव्हीवर रोज वाइन म्हणजे दारू की नाही याची भांडणं लागली. अशा दिवसांत बाटलीवर किल्ल्याचं नाव टाकणं म्हणजे आ बैल मला मार. आबांनी जीवधन सोडला, पण दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

फेब्रुवारीत मी शिवाजीनगरच्या एका वकीलबाईंना भेटले. ट्रेडमार्कचंच काम करतात. अर्धा तास बसले तेवढ्यात आमची निम्मी यादी गळाली. 'कुकडी' आणि 'मीना' या आमच्या नद्या. बाई म्हणाल्या, गावाचं, नदीचं नाव म्हणजे माल कुठला हे सांगणारं नाव, त्यावर कलम ९ चा आक्षेप येतो आणि तो निस्तरताना नाकी नऊ येतात. 'द्राक्षवेल', 'अंगूरी' ही तर थेट मालाचं वर्णन करणारी. एका ओळखीच्या जाहिरातवाल्यानं शातो, कासा, व्हिला अशी शेपूट-शेंडी लावलेली नावं पाठवली होती, ती मीच पुढं नेली नाहीत. चुलीवर दूध उतू जातंय आणि दारावर 'व्हिला' ही पाटी, ते काही पटेना. निघताना वकीलबाईंनी सांगितलेलं वाक्य मात्र मी वहीत लिहून घेतलं: वाइनशी काही संबंध नसलेलं आणि तरी तुम्हाला खरं कारण सांगता येईल असं नाव आणा.

असं नाव सुचत नव्हतं. मार्च द्राक्षं काढण्यात गेला, एप्रिलमध्ये खरड छाटणी लागली आणि दादा फोनवर यायचाच बंद झाला.

दरम्यान कर्जासाठी बँकेच्या वकिलांनी जमिनीचा जुना इतिहास मागितला होता. आत्ताचा डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. जुने हस्तलिखित उतारे मात्र हुडकावे लागतात. काही 'आपले अभिलेख'च्या संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात, काहींसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यावा लागतो. गट नंबरच्या आधीचा सर्व्हे नंबर माहीत असेल तर काम लवकर होतं, एवढं लक्षात ठेवा. नकला हातात आल्या तेव्हा मी फक्त फेरफाराचे नंबर बघत होते. सातबाऱ्यावर वरच्या बाजूला एक रकाना असतो, 'शेताचे स्थानिक नाव'. हल्ली तो रिकामाच असतो, त्यामुळे नजर तिकडं जात नाही. आमच्या जुन्या उताऱ्यावर कुणा तलाठ्यानं निळ्या शाईत, लपेटदार अक्षरात लिहिलं होतं, 'दोनमोट'.

फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. दादाचा उलट प्रश्न, "मग? दोनमोटेचंच आहे ते." आमच्याकडं प्रत्येक तुकड्याला नाव आहे. चिंचेचं, पडाळ, वरलं खळं. शिराझ लावलेल्या तुकड्याला लहानपणापासून 'दोनमोट्यात जाऊन ये' असंच म्हणत आलो. लिंबची बारामोटेची विहीर साताऱ्याकडं प्रसिद्ध आहे, आमची बिचारी दोनच मोटांची. ती विहीर अजून आहे, मोटा गेल्या.

आबांनी त्या संध्याकाळी फोनवर बराच वेळ सांगितलं. दोन मोटांना बैलांच्या दोन जोड्या. मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोठी पिशवी, खाली सोंड. वरचा जाड दोर नाडा, सोंडेचा बारीक दोर सोंदूर. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, उतरायला लागले की मोट हाकणारा नाड्यावर बसायचा, त्याच्या वजनानं बैलांना ओढ हलकी पडायची. मोट वर आली की सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, मोकळी होऊन पाणी धाडकन पडायचं. एक मोट वर येताना दुसरी खाली, म्हणजे पाट तुटत नसे. पुढं डिझेल इंजिन आलं, मग वीज. विहिरीच्या काठाला नाड्यानं घासून पडलेल्या खाचा आहेत. त्यांत माझी चार बोटं मावतात. जीवधनावरून रुसलेले आबा अखेर स्वतःच म्हणाले, "हेच लावा."

वकीलबाईंची अट पुरी झाली. पण मी लगेच अर्ज करू दिला नाही. मद्याची जाहिरात करता येत नाही, त्यामुळे दुकानदार आणि वेटर यांच्या तोंडी नाव बसलं तरच ते पुढं जातं. माझी सूचना अशी की नाव पक्कं करण्याआधी ते अनोळखी माणसाला फोनवर एकदा ऐकवा. मी कॅम्पातल्या एका वाइन शॉपला फोन लावून विचारलं, "दोनमोट आहे का?" पलीकडून तत्काळ उत्तर, "दोन मोठ्या? कुठल्या पाहिजेत?" बीअर की व्हिस्की, एवढंच त्याला कळायचं बाकी होतं. नंतर कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहून कोरेगाव पार्कातल्या एका हॉटेलच्या मॅनेजरला दाखवलं. त्यानं ते 'डॉन मॉट' असं वाचलं आणि इटालियन आहे का म्हणून विचारलं. दादाला हे सांगितल्यावर तो खूश, फुकटात परदेशी झालो म्हणून. वहिनीनं तोडगा काढला: लेबलवर देवनागरी मोठं आणि वर, इंग्रजी लहान आणि खाली. मग कुणी काहीही वाचो.

मे महिन्यात शोध घेतला. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. मालाच्या प्रकारांप्रमाणे तिथं वर्ग पाडलेले असतात. आपण वर्ग ३३ बघायचा, त्यात वाइन येते आणि बीअर सोडून बाकीची मद्यंही. बीअर ३२ मध्ये. तिथं 'सुरुवातीला', 'कुठेही' आणि 'तंतोतंत' असे तीन पर्याय आहेत आणि उच्चारावरून शोधायची वेगळी सोय आहे. ती उच्चाराची तपासणी टाळू नका. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून बघा. आमच्या शब्दाला तंतोतंत जुळणारं काही निघालं नाही, 'डॉन'नं सुरू होणारी मात्र बरीच निघाली. वकीलबाई म्हणाल्या, आक्षेप येणार, तयारी ठेवा.

जूनमध्ये कंपनीचं नाव. स्पाइस प्लस, म्हणजे कंपनी नोंदणीचा ऑनलाइन अर्ज, त्याच्या पहिल्या भागात हजार रुपये भरून दोन नावं सुचवता येतात. मंजूर झालं की ते वीस दिवस आपल्यासाठी राखून ठेवतात आणि तेवढ्यात पुढचा भाग भरायचा असतो. डिजिटल सह्या, पॅन, पत्त्याचे पुरावे आधी गोळा करा, मगच नावाला हात घाला. आबांच्या आधारवरचं आणि पॅनवरचं नाव एका अक्षरानं वेगळं होतं, ते आधीच दुरुस्त करून घेतलं होतं म्हणून निभावलं. कंपनीचं नाव मंजूर झालं म्हणजे ब्रँड आपला झाला असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं, ट्रेडमार्कचा अर्ज वेगळाच करावा लागतो.

कंपनी झाल्यावर उद्यम, म्हणजे लघुउद्योग म्हणून, नोंदणी केली. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. त्याचेही पैसे मागणारी संकेतस्थळं शोधात आधी वर येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. उद्यमचा फायदा असा की ट्रेडमार्कच्या ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला नऊ हजारांऐवजी साडेचार हजार लागते. जुलै २०२२ मध्ये टीएम-ए अर्ज भरला. चित्राशिवाय, नुसता शब्द. चित्र पुढं बदलावंसं वाटलं तरी शब्दावरचा हक्क राहतो म्हणून. 'वापर कधीपासून' या प्रश्नाला 'पुढे वापरणार' असं उत्तर दिलं. वकिलांची फी पाच हजार. अर्ज क्रमांक लगेच मिळाला आणि त्या दिवसापासून नावापुढं 'टीएम' लिहायला मोकळे झालो. गोलातला 'आर' मात्र प्रमाणपत्र येईपर्यंत लावायचा नाही, तो गुन्हा आहे.

परीक्षण अहवाल ऑक्टोबरमध्ये आला, गोडी छाटणीच्या गडबडीत. अपेक्षेप्रमाणे कलम ११, म्हणजे आधीच्या चिन्हांशी साम्य. वाचून माझ्या पोटात गोळा आला. मनात आलं, दोन शेतांपलीकडं कुणाला ठाऊक नसलेलं नाव, त्याची नक्कल आम्ही कशी केली? वकीलबाईंना हे रोजचंच होतं. उत्तराला एक महिना असतो, तो चुकला तर अर्ज सोडून दिला असं धरतात. अहवाल ईमेलवर येतो, तेव्हा अर्जात रोज बघितला जाणारा ईमेलच द्या. दादाचा दिला असता तर तो आम्हाला पुढच्या खरड छाटणीला दिसला असता.

उत्तरात तीन मुद्दे होते. चिन्ह तुकडे पाडून बघायचं नाही, सबंध बघायचं. उच्चार 'डॉन' असा नाही, 'दोन' असा आहे आणि शब्दाला स्वतःचा अर्थ आहे. तिसरा मुद्दा माझ्या आवडीचा: नाव प्रामाणिकपणे घेतलेलं आहे, पुरावा म्हणून सोबत सातबाऱ्याची जुनी नक्कल. उताऱ्याचा इंग्रजी तर्जुमा करून जोडला. 'मोट' कशी चालते याचे चार परिच्छेद मीच लिहून दिले होते, बाईंनी त्यांतला एक ठेवला. उत्तराची फी सहा हजार.

मग वाट बघणं. स्थिती तपासायच्या पानावर एकच ओळ महिनोन् महिने दिसत राहते आणि रोज बघून ती बदलत नाही. पहिले काही आठवडे मी सकाळच्या चहाबरोबर बघायचे, नंतर महिन्याच्या एक तारखेला बघायचं ठरवलं. इकडं इमारत, टाक्या, उत्पादन परवान्याची फाइल चालूच होती. ज्या नावाची खात्री नाही त्या नावाची पाटी रंगवायची का, यावर घरात वाद झाला. दादानं रंगवली.

सुनावणी २०२३ च्या पावसाळ्यात, व्हिडिओवर. मी कर्वेनगरच्या घरातून कॅमेरा बंद ठेवून ऐकत होते. अधिकाऱ्यांनी शब्दाचा अर्थ विचारला, बाईंनी सांगितला, सातबारा दाखवला. दहा मिनिटंही लागली नसतील. सुनावणीचे पाच हजार. काही दिवसांनी स्थिती बदलली, नाव स्वीकारलं गेलं आणि ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आलं. प्रसिद्धीपासून चार महिने कुणीही विरोध नोंदवू शकतं. आधीच्या वाट बघण्यात आशा होती, या चार महिन्यांत धाकधूक जास्त. मोठ्या कंपन्यांचे वकील दर आठवड्याला जर्नल चाळतात हे आतापर्यंत कळलेलं होतं. विरोध आला नाही. २०२४ च्या सुरुवातीला प्रमाणपत्र ईमेलवर आलं, दहा वर्षांसाठी. पुढं नूतनीकरण करत राहायचं. त्याच सुमाराला शिराझचा पहिला तोडा टाक्यांत पडला.

लेबलचं थोडक्यात सांगते. २०१८ चे अन्न सुरक्षा विभागाचे मद्याचे नियम १ एप्रिल २०१९ पासून लागू आहेत, ते छपाईच्या आधी वाचा. मद्यपान आरोग्याला हानिकारक असल्याचा आणि पिऊन गाडी न चालवण्याचा इशारा ठरलेल्या शब्दांत लागतो आणि आमच्यासारख्या ७५० मिलीच्या बाटलीवर त्याची अक्षरं तीन मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाहीत. अल्कोहोलचं प्रमाण, परवाना क्रमांक, सल्फाइटचा उल्लेख, हे सगळं आलं. आमच्या चित्रकारानं सुंदर बैलजोडी काढली होती. सल्लागारांनी कच्चा नमुना बघून सांगितलं की इशाऱ्याला जागाच उरलेली नाही. आईचं म्हणणं वेगळं, बैलाला दारूच्या बाटलीवर कशाला राबवता, पोळ्याला त्याच्या पाया पडतो आपण. दोन्ही हरकती एकाच उपायानं मिटल्या. बैल काढले, चाक आणि नाडा ठेवला. राज्य उत्पादन शुल्काकडं प्रत्येक वाइनचं, प्रत्येक मापाच्या बाटलीचं लेबल वेगळं मंजूर करून घ्यावं लागतं, म्हणून सुरुवात दोनच वाइन आणि एकाच मापानं केली.

नावापुरता सगळा खर्च धरला तर सरकारी फी साडेचार हजार, कंपनीच्या नावाचे एक हजार, वकिलांचे सोळा हजार आणि नकलांचे किरकोळ. चित्रकाराचे पैसे याहून जास्त झाले.

आता दादाला जास्त मुरवलेल्या शिराझसाठी वेगळं नाव हवंय आणि त्यानं 'थारोळं' धरून ठेवलंय. वर्ग ३३ मध्ये मी शोधून पाहिलं, नाव मोकळं आहे. पण पेपरात हा शब्द फक्त अपघाताच्या आणि खुनाच्या बातम्यांत येतो, तोही 'रक्ताच्या' या शब्दाला जोडून, आणि आमची वाइन लालभडक. दादा म्हणतो, एकदा ऐकलं की कुणी विसरणार नाही. वहिनीचीही हरकत तीच आहे. घरात एकमत होईपर्यंत साडेचार हजार भरायचे नाहीत, एवढं मात्र ठरलंय.